‘आढळलं नाही’ हे वाक्य कसं वाचायचं? विमानातल्या हवेवरचे दोन अभ्यास

12 ऑक्टोबर 2022 रोजी गोव्याहून हैदराबादला निघालेल्या स्पाइसजेटच्या क्यू-400 विमानाच्या केबिनमध्ये धूर झाला. विमान सुखरूप उतरलं. डीजीसीएच्या तपासणीत इंजिनाच्या ब्लीड-ऑफ व्हॉल्व्हमध्ये तेल सापडलं. तिथूनच ते वातानुकूलन यंत्रणेत शिरलं होतं. पुढे कंपनीला या विमानांच्या इंजिन-तेलाचे नमुने दर 15 दिवसांनी तपासणीला पाठवण्याचा आदेश निघाला. आदेशाचा रोख इंजिनावर होता. त्या हवेत रोज काम करणाऱ्या माणसांचं काय, हा प्रश्न संशोधनाकडे येतो.

बहुतेक प्रवासी विमानांत केबिनची ताजी हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून येते. बोइंग 787 हा अपवाद. सील गळलं की तेलाची वाफ त्या हवेत मिसळू शकते. या तेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट असतं. ते ऑर्गनोफॉस्फेट आहे, म्हणजे आपल्याकडे दुधनी-अक्कलकोट भागात तुरीवर फवारतात त्या क्लोरपायरीफॉसच्याच कुळातलं. त्याचा एक प्रकार नसांना घातक आहे हे 1962 साली छापलेल्या, मुंबईतल्या विषबाधेवरच्या निबंधातही नोंदलंय. पण ते विष पोटात गेलं होतं. वर्षानुवर्षं थोडं थोडं श्वासातून गेलं तर काय होतं, यावर अजून वाद आहे.

या वादात सगळ्यात जास्त पुढे केला जातो तो ब्रिटनमधल्या क्रॅनफिल्ड विद्यापीठाचा 2011 चा अभ्यास. पाच प्रकारच्या विमानांतल्या 100 उड्डाणांत हवा मोजली. प्रदूषकं ठरलेल्या मर्यादेच्या वर गेल्याचा पुरावा मिळाला नाही. मोजमाप काटेकोर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या काळात रीतसर नोंदवावी लागेल अशी धुराची घटना एकदाही घडली नाही.

आता वही काढा. ब्रिटनच्याच विषशास्त्र समितीने 2007 मध्ये अंदाज दिला होता: वैमानिकांच्या सांगण्यानुसार साधारण 1 टक्का उड्डाणांत अशी घटना होते, देखभाल विभागाने खात्री केलेल्या घटना मात्र 0.05 टक्के. दुसरा आकडा धरला तर 100 उड्डाणांत एकही घटना न सापडण्याची शक्यता 0.9995 चा शंभरावा घात, म्हणजे जवळपास 95 टक्के. पहिला धरला तरी 37 टक्के. थोडक्यात, घटना सापडणार नाही हे बऱ्याच अंशी आराखड्यातच ठरलं होतं. फवारणीचे दिवस सोडून शंभर दिवस शेतातली हवा मोजली आणि ‘शेतात विष नाही’ म्हटलं, तर दुधनीतला कुठलाही शेतकरी हसेल.

अहवालात निष्कर्षाआधी ‘या अभ्यासातल्या उड्डाणांच्या परिस्थितीत’ अशी अट आहे. ती गाळून उरलेलं वाक्य वापरलं जातं, आणि आजारी कर्मचाऱ्याला तेच ऐकवलं जातं. खरी चूक तिथे होते.

दुसऱ्या बाजूचा लाडका पुरावा म्हणजे मायकेलिस, बर्डन आणि हॉवर्ड यांचा 2017 चा निबंध. बीएई-146 विमानांच्या 274 वैमानिकांची पाहणी आणि हवा बिघडल्याच्या 15 घटनांचा तपशील त्यात आहे. माणसांकडे पाहिलं, हे त्याचं मोठं बळ. पण ही तेलाच्या वासासाठी आधीच बदनाम झालेली विमानं, आणि लक्षणं बरीचशी स्वतः सांगितलेली. डोकेदुखी, थकवा, विसराळूपणा हे अपुऱ्या झोपेनेही होतं, कोरड्या हवेनेही. आजार खोटा आहे असं यातून निघत नाही, कारण मात्र सिद्ध होत नाही.

म्हणजे एकाने हवा मोजली पण घटना हुकली, दुसऱ्याने माणसं पाहिली पण त्या क्षणाची हवा मोजलेली नाही. दोन्ही जोडणारा अभ्यास हवा. कर्मचाऱ्यांचं रक्त आधीच एकदा तपासून ठेवायचं, कारण कोलिनेस्टरेजची पातळी माणसागणिक खूप वेगळी असते. विमानात मोजणी कायम चालू ठेवायची, आणि घटना झाल्यावर काही तासांत पुन्हा रक्त घ्यायचं. खर्च आहे, कंपन्यांची परवानगी लागेल, वर्षं जातील. पण जून 2025 पासून सोलापूर-गोवा विमान सुरू झालंय, हा विषय आता आपल्याही दारात आलाय.

संशोधन प्रस्ताव लिहिताना एवढं करा. ‘काही आढळलं नाही’ असं वाचलं की आधी विचारा: असतं, तर या पद्धतीने ते दिसलं असतं का? उत्तर आकड्यात द्या.