नांवांची साक्ष आणि नांवांचा अभिमान

नांव ही वस्तु मनुष्य सर्वांत अधिक वापरतो आणि तिच्याविषयीं सर्वांत कमी विचार करतो. आडनांवाचा विचार आमच्या घरांत सुरू होतो तो बहुधा सोयरीक जुळवितांना, आणि गांवाच्या नांवाचा विचार होतो तो सीमेचा वाद पेटल्यावर. दोन्ही प्रसंगीं विचार करणारा निर्णय आधींच करून बसलेला असतो; व्युत्पत्तीस तो केवळ साक्षीदार म्हणून बोलावितो, आणि साक्षही आपणच पढवितो. या पढविलेल्या साक्षीची थोडी उलटतपासणी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

इंग्लंडांतही या विद्येचा आरंभ तर्कानेंच झाला. विल्यम कॅम्डेन या पंडितानें १६०५ सालीं आडनांवांवर प्रकरण लिहिलें. आयझॅक टेलरनें १८६४ सालीं स्थलनामांवर मोठा लोकप्रिय ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु कानाला जें गोड लागलें तें खरें मानण्याची संवय मोडण्यास पुढें बराच काळ लागला. १९२३ सालीं इंग्रजी स्थलनामांचें स्वतंत्र मंडळ स्थापन झालें आणि एकेका परगण्याचा एकेक खंड निघूं लागला. त्या मंडळाचा नियम अगदीं साधा आहे: नांवाचा अर्थ सांगण्यापूर्वीं त्याचीं जुनीं लिखित रूपें कालक्रमानें मांडावीं. १०८६ च्या जमीनमोजणीच्या पुस्तकांत तें कसें लिहिलें, पुढच्या सनदांत कसें लिहिलें, हें पाहिल्यावरच तोंड उघडावें. विशेष हें कीं, १९३६ सालीं इंग्लंडच्या स्थलनामांचा प्रमाणभूत कोश ज्यानें दिला, तो एलर्ट एक्वाल हा गृहस्थ स्वीडनमधील लुंड येथील प्राध्यापक. ज्या गांवाशीं आपला अभिमान बांधलेला नाहीं, त्या गांवाच्या नांवाकडे निर्मळ दृष्टीनें पाहणें सोपें जातें, हाही त्यांतला एक बोध आहे.

आमच्याकडे या कामाचा पाया राजवाड्यांनीं घातला. इतिहासाचीं साधनें गोळा करीत गांवोगांव हिंडलेल्या या पुरुषास गांवाचें नांव हेंही ताम्रपटाइतकेंच मोलाचें साधन आहे, हें प्रथम उमगलें. १९२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘महिकावतीच्या बखरी’च्या प्रस्तावनेंत त्यांनीं कोंकणच्या वसाहतीचा विचार करतांना ग्रामनामांकडे लक्ष वेधलें, त्यांच्या पश्चात् धुळ्याहून निघालेल्या व्युत्पत्तिकोशांनीं तर अभ्यासकांपुढें शब्दांचें भांडारच उघडें केलें. हें ऋण मान्य करूनच म्हणावें लागतें कीं, राजवाड्यांच्या हातीं एकच किल्ली होती आणि प्रत्येक कुलूप त्याच किल्लीनें उघडलें पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. ती किल्ली संस्कृताची. पैठण हें प्रतिष्ठानापासून, कऱ्हाड हें करहाटकापासून, तेर हें तगरापासून आलें, हें निर्विवाद. कारण तेथें जुनीं रूपें लेखांत सांपडतात. परंतु जेथें असा लेख नाहीं तेथेंही पाणिनीच्या सूत्रांचा घण घालून संस्कृत मूळ घडवितां येतें, आणि घडविलेलें मूळ सांपडलेल्या मुळासारखेंच दिसूं लागतें.

पुढें त्याची प्रतिक्रियाही झाली. शं. बा. जोशी यांनीं १९५२ च्या ‘मऱ्हाटी संस्कृति : कांहीं समस्या’ या ग्रंथांत महाराष्ट्राच्या घडणींत कन्नडाचा वाटा किती खोल आहे हें आग्रहानें मांडलें. तो ग्रंथ आमच्या वाचकांस झोंबला, पण उपकारक ठरला. तथापि एका किल्लीच्या जागीं दुसरी किल्ली आली, तर कुलपांचा प्रश्न तसाच राहतो.

कोल्हापूर प्रांत ही या प्रश्नाची खरी प्रयोगशाळा होय. शिलाहार राजांच्या लेखांत संस्कृत आणि कन्नड या दोन्ही भाषा नांदतात, आणि एकच गांव दोन पोषाखांत भेटतें. कोल्हापुरास संस्कृत लेखक ‘क्षुल्लकपुर’ म्हणतो, कन्नड लेखक ‘कोल्लापुर’ म्हणतो. देवीनें मारलेल्या कोल्हासुराची पुराणकथा सर्वांस ठाऊक आहे, पण या दोन्ही रूपांत त्या असुराचा मागमूस नाहीं. पन्हाळ्याचें उदाहरण याहून बोलकें आहे. जुन्या लेखांत हा गड ‘प्रणालक’ या रूपानें येतो, आणि छपराचें पाणी वाहून नेणारी आपली घरगुती ‘पन्हळ’ प्रणालापासूनच निघाली आहे. शिवाजी महाराजांनीं १६७३ सालीं हा गड घेतला त्या प्रसंगावर जयराम पिंड्ये यानें संस्कृत काव्य रचलें, त्यांत गडाचें नांव ‘पर्णाल’ झालें. म्हणजे प्रणालाचें लोकांनीं पन्हाळा केलें आणि पंडितानें पन्हाळ्याचें पुन्हां संस्कृत करतांना पर्ण आणून बसविलें! संस्कृत रूप दिसलें कीं तें मूळच असलें पाहिजे, हा समज किती फसवा आहे हें येथें स्पष्ट दिसतें. पुष्कळदां संस्कृत रूप हें आजोबा नसून नातू असतें.

खिद्रापुरच्या कोपेश्वराविषयींही असेंच म्हणतां येईल. सतीच्या देहत्यागानें कोपलेला शंकर तो कोपेश्वर, अशी कथा आहे. परंतु कन्नडांत ‘कोप्प’ म्हणजे लहानशी वस्ती. आणि १०५४ सालीं चोल व चालुक्य यांची जी मोठी लढाई ‘कोप्पम्’ येथें झाली, तें स्थळ खिद्रापुरच असावें असें कांहीं अभ्यासक मानतात. कथा भक्ताच्या मनाला हवी असते, तिला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु भक्ति आणि व्युत्पत्ति हीं दोन खातीं निरनिराळीं ठेवावींत.

आतां कागल तालुक्यांत, कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरील बिद्री या गांवीं येऊं. आमचा बहुतेक वाचकवर्ग हें नांव साखर कारखान्यामुळें ओळखतो. कन्नडांत ‘बिदिरु’ म्हणजे वेळू. दक्षिण कन्नड जिल्ह्यांतील मूडबिद्री म्हणजे पूर्वेकडील वेळूंचें ठिकाण, आणि संस्कृतज्ञांनीं तिला ‘वेणुपुर’ असें नांव देऊन तो अर्थ राखिला. बिदर शहराच्या नांवाचा उलगडाही बहुधा असाच करतात. कोल्हापूर जिल्ह्यांतील बिद्री याच कुळांतली असावी, हा तर्क सयुक्तिक आहे. पण संस्कृताकडे ओढणारा एखादा पंडित उद्यां तिचा संबंध विदारी नांवाच्या वेलीशीं लावूं शकेल, आणि तेंही कानाला बरें वाटेल. या दोहोंत वेळूचें पारडें जड आहे तें कन्नड ‘जुनें’ म्हणून नव्हे, अगर संस्कृत ‘परकें’ म्हणूनही नव्हे. त्याच नांवाचीं दुसरीं गांवें आहेत आणि त्यांतील एकाचा अर्थ भाषांतरानें राखलेला आहे, म्हणून. पुराव्याचें बळ तेवढेंच मानावें. अधिक नको, उणें नको.

आणि समजा, बिद्री म्हणजे वेळूंचें गांव हें उद्यां सिद्धही झालें, तर त्यावरून काय ठरतें? त्याच तालुक्याचीं नांवें वाचावीं. व्हन्नूर, करनूर, आणूर यांच्या शेवटीं कन्नड ‘ऊर’ आहे, बोरवडे, केनवडे, बस्तवडे यांच्या शेवटीं संस्कृत ‘वाटा’चा मराठी अवतार आहे, आणि हमिदवाडा या नांवांत अरबी मनुष्यनाम मराठी वाड्याच्या शेजारीं निर्धास्त बसलेलें आहे. इंग्लंडांत ‘ग्रिम्स्टन’ नांवाचीं अनेक खेडीं आहेत. त्यांतला ग्रिम हा डेन लोकांकडचा आणि ‘टन’ हा इंग्रजी. असल्या मिश्र नांवांवरून तेथील पंडित एवढेंच म्हणतात कीं, नवा धनी आला, शेजारीं जुने राहिले, आणि दोघांनीं मिळून गांवाला हांक मारली. हमिदवाड्याचाही अर्थ याहून वेगळा काय असणार? १९५६ पासून चाललेल्या सीमावादांत दोन्ही बाजूंच्या उत्साही लेखकांनीं गांवांच्या नांवांचे खरेदीखतासारखे उपयोग केले आहेत. राज्याची सीमा कोठें असावी हें आज तेथें राहणारा माणूस कोणती भाषा बोलतो आणि काय इच्छितो यावरून ठरवावें. आठशें वर्षांपूर्वीं तेथें कोणीं वेळू लावले होते, यावरून नव्हे.

नांवांना खरेदीखत मानण्याचा शेवट कोठें होतो, हें जर्मनीनें दाखविलें आहे. पूर्व जर्मनींतील लाइप्झिग हें नांव स्लाव भाषेंतील एका वृक्षाच्या नांवावरून आलें, आणि जर्मनांच्या विद्येला त्यानें कांहीं कमीपणा आला नाहीं. परंतु १९३८ सालीं नाझी राजवटीस पूर्व प्रशियांतील लिथुआनी व पोलिश वळणाचीं नांवें डोळ्यांत खुपूं लागलीं आणि तीं शेंकड्यांनीं बदलण्यांत आलीं. स्टालुपोनेन या गावाचें एबेनरोड झालें. आठ वर्षांनीं तो मुलूख रशियाकडे गेला आणि एबेनरोडचें नेस्तेरोव्ह झालें. नांव बदलून भूमि आपली झाली नाहीं. भूमीची आठवण मात्र दोनदां पुसली गेली.

आडनांवांच्या प्रांतांत अभिमानाचें रूप निराळें आहे. येथें भूमीऐवजीं रक्ताचा दावा सांगितला जातो. मोरे हें मौर्यापासून, कदम हें कदंबापासून, शेलार हें शिलाहारापासून आलें, असें म्हणतात आणि ध्वनींच्या दृष्टीनें त्यांत अडचण नाहीं. परंतु शब्द मौर्यापासून आला म्हणून माणूसही चंद्रगुप्तापासून आला असें होत नाहीं. इंग्लंडांत ‘किंग’ आडनांवाचे आणि जर्मनींत ‘कायझर’ आडनांवाचे हजारों लोक आहेत. त्यांचे पूर्वज राजे नव्हते, कोणी राजाच्या चाकरींत होता, कोणीं जत्रेंतील सोंगांत राजाची भूमिका केली होती, कोणाची ऐट पाहून शेजाऱ्यांनीं तें नांव चिकटविलें होतें. त्याविषयीं ते लोक मनमोकळेपणें हंसतात. आपण वंशावळ छापवितों.

याचें उत्तम उदाहरण बिद्रीच्याच तालुक्यांत, कापशीस आहे. कापशी हें सेनापति संताजी घोरपडे यांच्या घराण्याचें ठिकाण. त्यांच्या पदरीं वाढलेल्या नारो महादेव जोशी यांनीं कृतज्ञतेनें धन्याचें आडनांव घेतलें, आणि त्यांचे वंशज इचलकरंजीचे घोरपडे म्हणून संस्थानिक झाले. जोशांचे घोरपडे झाले तें रक्तानें नव्हे, तर निष्ठेनें. आडनांवाचा याहून उदात्त उगम आम्हांस ठाऊक नाहीं. पण आडनांवावरून जात आणि कूळ ओळखणाराची येथें पुरती फसगत होते.

‘कर’ या प्रत्ययाचेंही मर्म ध्यानीं घेण्यासारखें आहे. तो गांवांत राहणाराचा नसून गांव सोडलेल्याचा प्रत्यय आहे. बिद्रींतल्या सर्वांसच बिद्रीकर म्हटलें, तर हांक कोणाला मारली हें कळणारच नाहीं. ‘वीनर’ हें आडनांवही व्हिएन्ना सोडून परगांवीं गेलेल्यासच शोभतें. गोव्यांतील मंगेशीचें स्मरण दीनानाथांनीं मंगेशकर या नांवांत गांवाबाहेर पडूनच राखिलें. म्हणजे ज्यास आपण मुळाचा अभिमान म्हणतों, ती खरोखर स्थलांतराची नोंद आहे.

हुद्यांचीं आडनांवें तर हुद्याहून दीर्घायुषी असतात. शाहू महाराजांनीं १९१८ सालीं करवीर राज्यांतील कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. मुलकी पाटिलकी पुढें १९६२ च्या कायद्यानें गेली. वतनें गेलीं, कुलकर्णी आणि पाटील राहिले. जर्मनींत शुल्त्स म्हणजे गांवचा पाटीलच. इंग्लंडांत क्लार्क म्हणजे लेखणीवर पोट भरणारा. तेथें हुद्दा गेला, धंदा गेला, आणि मागें उरला तो निव्वळ ध्वनि. स्मिथ म्हटल्यावर कोणी भाता शोधीत नाहीं. आपल्याकडे मात्र लोहार, सुतार, कुंभार ही हांक ऐकतांच ऐकणाराच्या मनांत एक उतरंड उभी राहते. आडनांव विचारणें ही जात विचारण्याची सभ्य रीत होऊन बसली आहे. व्युत्पत्तिशास्त्राचा समाजास कांहीं उपयोग असेल तर तो हाच कीं, या उतरंडीखालीं रक्त नसून एके काळचा व्यवसाय, एखादें सोडलेलें गांव, एखादी चाकरी अगर एखादी थट्टा आहे, हें त्यानें दाखवून द्यावें.

शेवटीं एक सूचना. गांवांचीं नांवें दप्तरांत तरी टिकतील. पण शिवारांतील नांवांचें काय? १९४७ च्या तुकडेजोड कायद्यानंतर गट नंबर आले, आणि माळ, मळे, ओढे, पाणंदी यांचीं पिढ्यान्पिढ्यांचीं नांवें सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून नाहींशीं होऊन वृद्धांच्या जिभेवर तेवढीं उरलीं. नवीं नांवेंही जुन्याच रीतीनें जन्मतात: बिद्रीच्या कारखान्यानें दूधगंगा-वेदगंगा या नद्यांचीं नांवें घेतलीं आणि त्याच्या वसाहतीस मौनीनगर म्हणतात. तीं कशीं पडलीं हें आज कोणीही सांगेल. शंभर वर्षांनीं त्यावरही तर्क लढविले जातील. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं सुट्टींत आपापल्या गांवीं जाऊन हीं नांवें, जशीं उच्चारतात तशीं, अर्थ न लावतां केवळ लिहून आणावीं. अर्थ लावण्याची घाई नको. तो पुढचे लोक लावतील. साक्षीदार जिवंत आहे तोंवर त्याची जबानी घ्यावी, आणि ती घेतांना त्याच्या तोंडांत आपले शब्द घालूं नयेत.