बसणे

‘आज संध्याकाळी बसू या’ असं कोणी म्हटलं, तर ‘कशाला?’ असं आपल्याकडे कोणी विचारत नाही. बाटली, खारे दाणे आणि घरी सांगायची थाप, सगळं त्या एका क्रियापदात येतं. ही सोय फक्त मराठीत आहे, असा माझा अभिमान होता. तो जपान्यांनी उतरवला. त्यांच्या ‘इझाकाया’तलं ‘साकाया’ म्हणजे दारूचं दुकान आणि आधीचा ‘इ’ म्हणजे असणं, थांबणं. थोडक्यात, आपलं बसणंच! एदोच्या काळात, म्हणजे इकडे पेशवाई होती तेव्हा, घरी दारू न्यायला आलेली गिऱ्हाइकं दुकानातच टेकू लागली. दुकानदार पुढ्यात काहीबाही खायला ठेवू लागला.

मी हे प्रकरण पाहिलं ते 1986 साली टोकियोत, कंपनीच्या कृपेनं. युराकुचोला, रेल्वेच्या कमानींखाली. दाराशी लाल कंदील, आत धूर, आणि डोक्यावरून गाडी गेली की ग्लास थरथरायचे. टेकतो न टेकतो तोच न मागता एक चिमुकली वाटी आली. ही ‘ओतोशी’. पाहुणचार समजून मी विरघळलो. तिचे पैसे बिलात लागतात हे कळल्यावर पुन्हा घट्ट झालो. बसायचं भाडंच ते! शेजारी दिवसभर साहेबापुढे कमरेत वाकणारा कारकून तिसऱ्या ग्लासानंतर साहेबाच्या चुका मोजून दाखवत होता, आणि साहेब मान डोलवत होते. याला ‘बुरेइको’ म्हणतात. आज मानपान बंद. उद्या सकाळी कोणाला काही आठवायचं नाही.

आता इझाकाया लंडन-न्यूयॉर्कलाही जोरात आहेत. बश्या वाटून खायची सवय स्पॅनिश तापासनं आधीच लावून ठेवली होती, आणि 2013 साली युनेस्कोनं जपानी स्वयंपाकाला अमूर्त सांस्कृतिक वारशात बसवलं. गेल्या वर्षी लंडनला पुतण्या मला अशाच एका ठिकाणी घेऊन गेला. कंदील लालच होता. यकितोरी, म्हणजे काडीला खोचून भाजलेली कोंबडी, टोकियोपेक्षा कणभर सरसच. सोयाबीनच्या कोवळ्या शेंगांचा भाव पाहून मात्र लातूरचा शेतकरी घेरी येऊन पडला असता. ओतोशी नव्हती. तिच्या जागी साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज होता. जपानात टिपसुद्धा घेत नाहीत!

हेही मी सोसलं असतं. पण टेबल 90 मिनिटांचं होतं. गर्दीच्या दिवशी टोकियोतही दोन तासांनी उठवतात, नाही असं नाही. पण तिथे उठलेली मंडळी शेजारच्या दुकानात पुन्हा बसतात. त्या दुसऱ्या बैठकीला ‘निजिकाई’ असं रीतसर नावही आहे. लंडनकरांनी कंदील नेला, काड्या नेल्या, तो ‘इ’ तेवढा विमानतळावर राहिला.

पंच्याऐंशीव्या मिनिटाला पुतण्यानं ग्लास खाली ठेवला. ‘काका, एक सांगायचंय. आईला अजून बोललो नाही.’ तेवढ्यात बिल आलं, हसतमुखानं. मागे चौघं ताटकळत उभी होती. बिल त्यानं माझ्या हातून हिसकावून घेतलं.

बाहेर पाऊस. आम्ही स्टेशनच्या बाकावर टेकलो. एक गाडी सोडली, दुसरी सोडली. तिसरीचे दिवे दिसले तेव्हा तो म्हणाला, ‘नोकरी गेली, काका. मार्चमध्येच.’

आणि उठायला लागला.

‘बस,’ मी म्हटलं. ‘हीसुद्धा जाऊ दे.’