दहा ओळींचा नकार

लिनक्समधल्या 'आयओ-युरिंग'चं कौतुक निघालं की सगळे त्यातल्या दोन वर्तुळाकार रांगांबद्दल बोलतात. बोलावंच. येन्स ॲक्सबो यांनी रचलेली ही असिंक्रोनस आयओची सोय मे 2019मध्ये लिनक्स 5.1बरोबर आली. एका रांगेत प्रोग्रॅमने मागण्या ठेवायच्या, दुसरीतून कर्नलची उत्तरं उचलायची, आणि दोन्ही रांगा दोघांच्या सामायिक मेमरीत. माझं मन मात्र रमतं ते एक्सएफएस फाइलसिस्टीमच्या सोर्समधल्या 'एक्सएफएस_आयलॉक_आयओसीबी' या जेमतेम दहाएक ओळींच्या फंक्शनपाशी. नाव घेताना जीभ अडखळते, पण काम अगदी सरळ आहे.

फाइल वाचायची किंवा लिहायची तर आधी तिच्या आयनोडचं, म्हणजे फाइलसिस्टीममधल्या तिच्या नोंदीचं, लॉक घ्यावं लागतं. फंक्शन सुरुवातीलाच पाहतं, की मागणीवर 'नोवेट'ची, म्हणजे 'थांबायचं नाही' अशी, खूण आहे का? नसेल तर जुन्या रिवाजाप्रमाणे लॉक मिळेपर्यंत थांबायचं. असेल तर लॉक घेऊन पाहायचं. नाही मिळालं, तर तिथल्या तिथे 'ई-अगेन' हा 'पुन्हा प्रयत्न करा' सांगणारा एरर-कोड परत. लॉक हाती आलं की शून्य. ना लूप, ना टायमर, ना 'बघू थोडा वेळ'. 'आत्ता जमत नाही' इतकं सांगून फंक्शन मोकळं होतं. मग युरिंग ती मागणी एखाद्या वर्कर थ्रेडच्या गळ्यात घालतं. ताटकळायचं ते त्याने; मूळ प्रोग्रॅम आपल्या पुढच्या कामाला लागलेला असतो.

या नकाराचं मोल कळायला आधीचे दिवस आठवावे लागतात. सॉकेटला 'अडून बसू नको' सांगणारा 'ओ-नॉनब्लॉक' लावता येई आणि ते मानलंही जाई. साध्या फाइलला लावा, काही फरक नाही. 'पोल'ला विचारलं तर फाइल सदा तयारच! लिनक्सचं जुनं एआयओ (असिंक्रोनस आयओ) होतं, पण ते भरवशाचं फक्त 'ओ-डायरेक्ट'ने, म्हणजे कर्नलची कॅशे टाळून, उघडलेल्या फाइलींपुरतं. आणि तिथेही मागणी नोंदवणारा 'आयओ_सबमिट' हा कॉल स्वतःच मध्ये अडकून बसू शकायचा. नाव असिंक्रोनस आणि अर्ज द्यायलाच ताटकळणं, याला काय म्हणावं!

खोट काढायचीच तर ती 'ई-अगेन'च्या अबोलपणात आहे. लॉक दुसऱ्याकडे होतं, हवं ते पान मेमरीत नव्हतं, की डिस्कवर जागा अजून नेमायची होती? वरच्याला उत्तर एकच. शिवाय दाराशी एक फंक्शन शहाणं असून भागत नाही. लिहिण्याच्या वाटेवर जिथे जिथे झोप लागू शकते, त्या प्रत्येक ठिकाणी हाच नकार शिकवावा लागतो, आणि हे काम किचकट, वेळखाऊ आणि बिनकौतुकाचं. एक्सएफएसमध्ये बफर्ड (कॅशेमार्गे होणाऱ्या) लेखनाला नकाराची ही सोय मिळाली ती लिनक्स 6.0मध्ये, ऑक्टोबर 2022ला. युरिंग येऊन तोवर तीन वर्षं उलटून गेली होती.