दारातला पोरगा आणि रेनोची बाई

जॅक लंडनचं 'द रोड' हे 1907 सालचं पुस्तक लेकानं आणून दिलं. "आई, मालगाड्यांत चोरून बसून अमेरिका फिरलेला पोरगा आहे बघ," म्हणाला. दोन दिवसांत वाचलं. गाड्या, डब्याखाली लपणं, मागे लागलेले रेल्वेवाले हे सगळं झकास आहे, वाचताना धडधडतं. पण मनात राहिली ती नेवाडातल्या रेनो गावची एक बाई.

पहिलंच प्रकरण तिच्यापासून सुरू होतं. 1892 चा उन्हाळा, लंडन सोळा वर्षांचा, भुकेला. बाई त्याला जेवू घालते, आणि हा जेवता जेवता खोटं सांगत राहतो: सॉल्ट लेक सिटीला बहीण आहे, तिच्याकडे निघालोय. बाईला खरं वाटतं. लंडनला त्याची लाज नाही. उलट तो म्हणतो, दारोदार अशा गोष्टी रचता रचताच मी कथालेखक झालो.

इथं मी अडखळले. आपल्या घरात लहानपणापासून शिकवलंय, आहारदान द्यावं आणि खोटं बोलू नये. इथं एकीनं पहिलं पाळलं, दुसऱ्यानं दुसरं मोडलं, आणि मोठा झाला तो मोडणारा! त्या बाईला पुस्तकात नावसुद्धा नाही. त्यालाच ते माहीत नव्हतं. बायका त्याला दिसतात त्या दारापुरत्या, ताटापुरत्या. पुस्तकातली ही उणीव मला मोठी वाटते.

पण पुढचं वाचल्यावर राग थोडा निवला. मधल्या काळात त्यानं ज्यूटच्या गिरणीत तासाला दहा सेंटवर काम केलं, वीजघरात दोन माणसांचा कोळसा एकट्यानं ओढला. 1893 च्या मंदीत कष्टाला किंमत राहिली नव्हती. 1894 मध्ये नायगारा इथं नुसता भटक्या म्हणून त्याला धरलं, बाजू ऐकून न घेता तीस दिवस तुरुंगात टाकलं. तिथं त्याच्याकडे पाव वाटायचं काम आलं, तेव्हा उपाशी कैद्यांशी त्यानं उरलेल्या पावाचा सौदा केला. हेही तो लपवत नाही; बाहेरचे मोठे लोक तरी दुसरं काय करतात, असं विचारतो. ज्याला रेनोत फुकट जेवण मिळालं, त्यानंच हे करावं! पुस्तकातलं सगळ्यात खरं आणि सगळ्यात कडू पान हेच.

मागं आमच्या दारातही एक पोरगा आला होता. मिरजेला आजी आजारी आहे म्हणाला. भाकरी-भाजी दिली. नंतर कळलं, शेजारच्या काकूंना त्यानं आजीऐवजी आई सांगितली होती. तेव्हापासून मी दारातल्यांना चौकशीशिवाय काही देत नव्हते. पुस्तक मिटल्यावर तो आठवला. आजी खोटी असेल, पण भाकरी त्यानं उभ्या उभ्या संपवली होती. ती भूक मी डोळ्यांनी पाहिली होती, तरी विसरले कशी?

बायांनो, मुलांना धाडसासाठी हे पुस्तक जरूर द्या. आधी स्वतः वाचा, आणि त्या बाईबद्दल त्यांच्याशी बोला.