अंधारात मोजलेली वळणं

फँटसीत नकाशे, वंशावळी, जादूचे नियम जितके जास्त तितकं जग खरं, असं आपण धरून चालतो. उर्सुला ले ग्विनच्या ‘अर्थसी’ मालिकेत मात्र मी सगळ्यात खोल बुडालो ते जिथे ती काहीच दाखवत नाही तिथे.

‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’ (१९७१) घ्या. तेनार ही थडग्यांची पुजारीण. त्यांच्या खालच्या गुहेत उजेड नेणं निषिद्ध. म्हणून आपल्या वाट्यालाही येते फक्त हाताला लागणारी भिंत, मोजलेली वळणं, पाठ केलेला रस्ता. हळूहळू आपणही वळणं मोजू लागतो. मग एकदा तिथे उजेड दिसतो, गेडच्या काठीचा. पहिल्या पुस्तकाचा नायक तो, तरी इथे आपल्याला घुसखोर वाटतो, कारण तोवर आपण अंधाराच्या बाजूचे झालेलो असतो. आणि त्याच उजेडात तेनारला स्वतःच्या गुहेचं लखलखतं छत पहिल्यांदा दिसतं!

१९९० च्या ‘तेहानू’त हीच तेनार शेतकऱ्याची विधवा आहे. भाजलेली पोर सांभाळते, घरकाम करते. गेडची जादू संपलेली. ड्रॅगन आणि साहसांच्या अपेक्षेने आलात तर हे पुस्तक संथ वाटेल. मला मात्र अर्थसी इथेच सगळ्यात खरी वाटली. नायकाची गोष्ट संपल्यावरही त्या जगात कुणाला तरी रोज चूल पेटवावी लागते, हे किती फँटसी लेखकांच्या लक्षात राहतं?