तरवडीचा लेखक-प्रकाशक

स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढणारे लेखक आम्हाला भेटले की हटकून विचारतात, वाचक आणायचा कुठून? आम्ही त्यांना आपल्याच नगर जिल्ह्यातल्या तरवडीकडे बोट दाखवतो. नेवासे तालुक्यातलं हे खेडं. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली सुरू केलेलं ‘दीनमित्र’ इथून १९६७ पर्यंत चाललं.

पण आम्हाला बोलायचंय ते त्यांच्या ‘कुलकर्णी लीलामृत’विषयी, १९१३ सालच्या. नावच बघा, थेट पोथीचं! आत ओव्या, आणि विषय गावच्या कुलकर्ण्याची लबाडी. अक्षरओळख नसलेल्या कुणब्यालाही पोथी ऐकायची सवय होतीच. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ग्रंथाचा प्रचार असा ओवीतच भरलेला. ज्या तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथं ही ओवी कुणाला परकी वाटणार?

दोष आहेच. इतका नेमका रोखलेला उपरोध लवकर जुना होतो. १९५० च्या कायद्यानं कुलकर्णी वतनं गेली. आता ते दप्तर म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना आधी समजावून द्यावं लागतं, मग हसू येतं. उशिरा.

आजचे लेखक आम्हाला आधी मुखपृष्ठ दाखवतात. तुमचा वाचक वाचतो कसा, कुठं बसून, असं विचारलं की बहुतेक गप्प होतात.