मानमोडीच्या विषाणूची उत्क्रांति : एका निबंधाचें परीक्षण

सन १९१८ च्या शरदांत हिंदुस्थानावर आलेल्या इन्फ्लुएंझाच्या साथीचा, म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडीं असलेल्या मानमोडीचा, घाव मध्यप्रांत-वऱ्हाडावर जितका खोल बसला तितका ब्रिटिश अमलाखालील दुसऱ्या कोणत्याही मोठ्या प्रांतावर बसला नाहीं. १९११ च्या खानेसुमारींत या प्रांताची वस्ती सुमारें १ कोटी ३९ लक्ष भरली होती. दहा वर्षांनीं पुन्हां मोजली तेव्हांही ती जवळजवळ तेवढीच निघाली. याकरितां सिद्धार्थ चंद्र व एव्हा कासेन्स-नूर यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेला या साथीच्या उत्क्रांतीवरील निबंध नागपूरकर संशोधकांनीं बारकाईनें तपासावा असें आम्हांस वाटतें.

निबंधकारांनीं नऊ प्रांतांतील २१३ जिल्ह्यांचे आठवडेवारी मृत्यु अनुमानानें बसविले आणि त्यांवरून चार गोष्टी काढिल्या : साथ जसजशी पुढें सरकली तसतसा तिचा वेग मंदावला, ऐन भरांतील आठवड्याचे मृत्यु कमी झाले, साथीचा मुक्काम लांबला, व एकंदर मारकपणा उतरला. हें गणित मोठ्या कष्टाचें व उपयोगाचें आहे. कारणें सांगतांना विषाणूचा पालटता वंश आणि पावसाळ्याची वेळ व जोर हीं दोन्ही संभवनीय म्हणून मांडण्याची सावधगिरीही त्यांनीं ठेविली आहे. परंतु मथळ्यावर मात्र ‘उत्क्रांति’ विराजमान! घाईचा वाचक पहिलेंच कारण सिद्ध झालें असें समजून उठतो. आमचा आक्षेप येथें आहे.

विषाणु पालटतो म्हणजे काय, हें पोथ्या हाताळणारांस सांगणें कठीण नाहीं. इन्फ्लुएंझाच्या विषाणूचा वंशलेख आठ सुट्या पानांचा असतो. त्याची नक्कल उतरणारा लेखक मूळ प्रतीशीं ताडून पाहात नाहीं, म्हणून पिढीगणिक पाठभेद शिरतात. आणि दोन जातींचे विषाणु एकाच पेशींत शिरले तर दोन पोथ्यांचीं पानें एका रुमालांत बांधलीं जावीं तशी तिसरीच पोथी निपजते. १९५७ व १९६८ च्या जागतिक साथी या दुसऱ्या प्रकारच्या. पण पाठभेद ठरवावयाचा तर प्रत हातीं पाहिजे. १९१८ त ती कोणापाशींच नव्हती. फायफरनें १८९२ त पुढें आणलेला जंतूच रोगाचें मूळ असें पुष्कळ वैद्य धरून चालले होते. माणसांतील विषाणु हातीं लागला तो १९३३ त, लंडनास. १९१८ च्या विषाणूचा संपूर्ण पाठ २००५ सालीं टॉबेनबर्गर प्रभृतींनीं लाविला, तो अमेरिकन शिपायांच्या जतन केलेल्या फुप्फुसांवरून व अलास्काच्या गोठलेल्या भूमींत पुरलेल्या एका स्त्रीच्या देहावरून. जर्मनींतील जुन्या नमुन्यांवरील २०२२ चें संशोधन पाहतां त्या एका वर्षांतही सर्व पाठ एकसारखे नव्हते. तेव्हां निबंधकारांची शंका निराधार नव्हे. परंतु बर्लिनच्या प्रतीवरून नागपूरचा पाठ ठरत नाहीं.

इकडील साक्ष निराळी आहे. ती कोतवाल बुकाची. गांवचा कोतवाल मृत्यूची वर्दी ठाण्यांत देई आणि तेथील मोहरीर ती लिहून घेई. रकाने पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण इत्यादिकांचे. इन्फ्लुएंझास रकाना नव्हता, म्हणून मानमोडीनें गेलेला मनुष्य बहुधा ‘तापां’त जमा होई. असल्या कागदांवरून नॉर्मन व्हाइट यांनीं १९१९ त सुमारें ६० लक्ष मृत्यु धरिले, मिल्स यांनीं १९८६ त १ कोटी ७० ते ८० लक्ष! संस्थानांचा हिशेब वेगळा काढला तरी हें अंतर बुजत नाहीं.

आतां साथीच्या भरांत कोतवाल आणि मोहरीर दोघेही अंथरुणास खिळले असें समजा. एका आठवड्याचे मृत्यु पुढील पंधरवड्यांत चढणार. अशा कागदावर साथीचें शिखर ठेंगणें व मुदत लांब दिसेल, मग विषाणु होता तसाच कां असेना. म्हणजे चारांपैकीं दोन लक्षणें लेखणींतूनही उपजूं शकतात. एकूण मृत्यु घटले ही गोष्ट मात्र या तर्कानें उडत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. तेथें आम्ही मध्यप्रांताकडे बोट दाखवूं. साथ मुंबईहून निघाली. तिचा मारकपणा वाटेंत उतरत गेला, तर मुंबई इलाख्याच्या पूर्वेकडील या प्रांतांत मृत्यूचें प्रमाण सर्वांहून वर कसें? आगगाडीनें ती इकडे लवकर पोंचली, हें उत्तर अर्धेंच. त्या सालीं पावसानें दगा दिला होता, पीक बुडालें होतें, धान्य महागलें होतें. विषाणूनें फुप्फुस उघडें पाडल्यावर मागून शिरणाऱ्या जंतूंच्या दाहानेंच त्या साथींत बहुतेक माणसें दगावलीं. आणि उपाशी देह त्यापुढें किती टिकणार?

नमुना हातीं असला म्हणजे काम कसें होतें तें नागपुरानें नुकतेंच पाहिलें. डिसेंबर २०२४ त गोरेवाड्यास तीन वाघ व एक बिबट्या मेला. भोपाळच्या प्रयोगशाळेनें जानेवारी २०२५ च्या आरंभींच एच५एन१ हा पक्ष्यांचा इन्फ्लुएंझा ओळखला. १९१८ च्या कागदास हा आधार नाहीं, म्हणून त्याची चिकित्सा अधिक कसून झाली पाहिजे.

आज कोतवाल बुकांच्या नकला निघतात त्या मुख्यतः जातीच्या दाखल्यासाठीं. कारणाचा रकाना क्वचितच कोणी वाचतो. ज्यांच्या संग्रहीं अशीं पानें वा त्या शरदांतील घरगुती जमाखर्च असतील त्यांस आमची विनंति आहे कीं, सप्टेंबर ते डिसेंबर १९१८ च्या नकला उतरतांना मृत्यूची तारीख व नोंदीची तारीख दोन्ही जशाच्या तशा उतराव्या, आणि शाई किंवा हस्ताक्षर पालटलेलें दिसेल तेथें तसें टिपून ठेवावें.